बेचाळीस दिवसांत सदुसष्टपट

अंड्यातून बाहेर पडलेलं ब्रॉयलरचं पिल्लू साधारण ४२ ग्रॅमचं असतं. सातव्या दिवशी ते चार-साडेचारपट होतं आणि ४२व्या दिवशी काट्यावर २ किलो ८०० ग्रॅमच्या आसपास भरतं. सदुसष्टपट! या चालीनं तीन किलोचं तान्हं बाळ बारशाच्या दिवशी पंचवीस-तीस किलोचं असतं आणि दीड महिन्यात दोनशेचं.

‘इंजेक्शनं देऊन फुगवतात हो,’ असं मटणाच्या दुकानापासून लग्नाच्या पंगतीपर्यंत कुठंही ऐकू येतं. हजारो पक्ष्यांच्या शेडमध्ये एकेक पकडून सुई टोचत कोण बसणार, हा प्रश्न मात्र कुणाला पडत नाही. खरं उत्तर कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात आहे. तिथं १९५७ आणि १९७८ सालची ब्रॉयलरची वाणं, त्यांच्यात पुढे काही सुधारणा न करता, जशीच्या तशी जपली आहेत. ती आणि २००५ सालचं बाजारातलं वाण तिथं एकाच खाद्यावर वाढवून पाहिली. निष्कर्ष २०१४ साली छापून आले. ५६व्या दिवशीची वजनं अशी: १९५७चा पक्षी ९०५ ग्रॅम, १९७८चा १,८०८ आणि २००५चा ४,२०२. खाद्य तेच, दिवस तेवढेच. बदललं ते वाण. पिढ्यान् पिढ्या जाड छातीचे, भराभर वाढणारे पक्षी निवडून त्यांचीच पैदास केली, त्याचा हा परिणाम.

आता छातीच्या मांसात डोकावू. त्यातल्या स्नायुतंतूंची संख्या पिल्लू अंड्याबाहेर येतं तेव्हाच जवळपास ठरून गेलेली असते. नंतर जे वाढतं ते नव्या तंतूंमुळे नव्हे, आहे तोच तंतू जाड आणि लांब होतो. जन्माच्या वेळी त्याची जाडी दहा मायक्रॉनच्याही आत असते, सहा आठवड्यांत ती पन्नास-साठपर्यंत जाते. जाडी पाचपट झाली की छेदाचं क्षेत्रफळ पंचवीसपट होतं, आणि लांबी वाढते ती वेगळीच. एवढा मोठा तंतू सांभाळायला जुनी केंद्रकं पुरत नाहीत. तंतूला चिकटून बसलेल्या उपग्रह पेशी विभागतात, त्यात विलीन होतात आणि नवी केंद्रकं पुरवतात. त्यांची सगळ्यात जास्त धावपळ पहिल्या काही दिवसांत चालते. तेव्हा पिल्लं उपाशी राहिली, तर छातीच्या मांसातली तूट पुढे सहसा भरून निघत नाही.

म्हणूनच पिल्लांचे बॉक्स उतरले की जाणता पोल्ट्रीवाला आधी गुळाचं पाणी ठेवतो, कागदावर खाद्य पसरतो आणि काही तासांनी मूठभर पिल्लं उचलून गळ्याखालची अन्नपिशवी बोटांनी चाचपतो. मऊ आणि भरलेली लागली तर ठीक. रिकामी लागली तर ब्रूडरची ऊब कमी पडतेय की पाण्याची भांडी लांब आहेत, ते तिथल्या तिथं बघावं लागतं.

हाडांची मात्र पंचाईत होते. सहा आठवड्यांचा ब्रॉयलर वजनानं मोठा असला तरी वयानं पोरच. त्याची लांब हाडं टोकांशी अजून वाढत असतात, तिथं पक्क्या हाडाऐवजी मऊ कूर्चा असते. तंगडी खाताना हाडाच्या टोकाची पांढरी टोपी दातांनी सहज तुटते, ती हीच कूर्चा. पाच-सहा महिन्यांच्या गावरान कोंबडीत तेच टोक कडक लागतं. भराभर वाढलेलं हाड सच्छिद्रही राहतं. गोठवलेली तंगडी शिजवली की हाडालगतचं मांस कधी कधी काळपट दिसतं, ते मगजातला रंग त्या छिद्रांतून झिरपल्यामुळे. मांस खराब आहे म्हणून ते फेकून देणाऱ्यांची मला गंमत वाटते. वजन पेलवेना की काही पक्षी लंगडू लागतात, बसूनच राहतात. वाणाची निवड करताना पायांकडे लक्ष द्यायला हवं हे पैदासकारांना कळलं, पण छातीनंतर.

अंडी देणाऱ्या लेअर कोंबडीचा हिशोब याहून अजब आहे. एका अंड्याच्या कवचात दोन ग्रॅमपेक्षा थोडं जास्त कॅल्शियम लागतं. तिच्या सगळ्या सांगाड्यात मिळून असतं वीसेक ग्रॅम. वर्षाला ३०० अंडी धरली तर सहाशे-साडेसहाशे ग्रॅम, म्हणजे तीस सांगाड्यांचा ऐवज ती शरीराबाहेर टाकते. यासाठी पहिल्या अंड्याच्या साधारण दोन आठवडे आधी तलंगेच्या लांब हाडांच्या पोकळीत एक वेगळं, ठिसूळ हाड तयार होऊ लागतं. ही तिची खर्चाची पुंजी. कवच बनायला वीसेक तास लागतात आणि त्यातला बराच काळ रात्रीचा, चोच बंद असतानाचा. पोटातलं संपलं की रक्त या पुंजीला हात घालतं, आणि वारंवार तीही पुरेनाशी झाली की भार पेलणाऱ्या हाडांची झीज होते. छातीचं हाड मोडलेल्या लेअर कोंबड्या शेडमध्ये काही दुर्मिळ नाहीत. म्हणून शिंपल्याचा जाडसर चुरा संध्याकाळच्या खाद्यात देतात. बारीक भुकटी लवकर विरघळून जाते, जाड तुकडा पेषणीत रात्रभर टिकतो.