रद्दीतून घरी आलेल्या लक्ष्मीबाई

ज्येष्ठ शुद्ध पंचमी ही आपली श्रुतपंचमी. आचार्य धरसेनांकडून मिळालेले ज्ञान पुष्पदंत आणि भूतबली या मुनिद्वयाने ‘षट्खंडागम’ रूपाने ग्रंथबद्ध केले, त्याचे हे स्मरण. या दिवशी शास्त्रांवरील जुनी वेष्टने काढून नवी घातली जातात, कपाट पुसले जाते, ग्रंथांची पूजा होते. परंदवडीच्या आमच्या घरीही गेल्या वर्षी हेच चालले होते. काम आटोपल्यावर जुन्या वह्या आणि वर्तमानपत्रांचा गठ्ठा मी तळेगावच्या एका रद्दीच्या दुकानात नेला. गठ्ठा काट्यावर चढत असताना कोपऱ्यातल्या ढिगावर एक जाड पुस्तक दिसले. पाठीचे कापड सुटलेले, कडा पिवळ्या पडलेल्या. लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’! दुकानदाराने वीस रुपये सांगितले. रद्दीचे पैसे हाती आलेच होते. त्यातूनच ते दिले.

घरी सासूबाईंनी पुस्तक हातात घेतले, दोनचार पाने उलटली आणि विचारले, “ख्रिस्ती बाईंचे ना हे?”

“होय, आई.”

“मग शास्त्राच्या कपाटात नको ठेवूस. आजच्या दिवशी तर नकोच.”

त्यांच्या स्वरात राग नव्हता. आयुष्यभर ज्या मर्यादेत घर सांभाळले, तिची ती आठवण होती. मी पुस्तक स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवले. त्याच खिडकीत आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींचा चहाचा वेगळा पेला असे. तो कधीपासून वेगळा होता, हे मी लग्न होऊन आल्यापासून कधी विचारले नव्हते.

प्रथम पुस्तकाची डागडुजी केली. सुटी पाने सुई-दोऱ्याने शिवली, कणकेची खळ शिजवून पाठीला जुन्या सुती साडीची पट्टी चिकटवली. बाइंडर खळीत मोरचूद घालतात; जीवहिंसा नको म्हणून मी ते टाळले आणि पानांत कडुनिंबाची सुकी पाने ठेवली. आंब्याच्या रिकाम्या पेटीला घासून, तेल लावून तिचे छोटे शेल्फ केले. सारा खर्च वीस रुपये आणि दोन दुपारी.

चातुर्मास सुरू झाला. मावळातला पाऊस ज्यांनी अनुभवला आहे त्यांना ठाऊक आहे की आषाढ-श्रावणात संध्याकाळ किती लांबते. सूर्यास्तापूर्वी जेवणे उरकलेली, बाहेर भाताच्या खाचरांवर पावसाची झड. सासूबाईंच्या डोळ्यांचे नुकतेच ऑपरेशन झाले होते. स्वाध्यायासाठी मी त्यांना शास्त्र वाचून दाखवीत असे. एके दिवशी स्वाध्याय संपल्यावर त्याच म्हणाल्या, “ते खिडकीतले काय आहे ते तरी वाच. बघू बाई काय म्हणतात.”

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचे नाव मनकर्णिका गोखले. वडिलांचे सोवळे इतके कडक की बाजारातून आलेला जिन्नस धुतल्याखेरीज त्यांना चालत नसे. बालवयातच त्यांचा विवाह नारायण वामन टिळकांशी झाला. पुढे ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून महाराष्ट्राने ज्यांना ओळखले, तेच हे टिळक. लक्ष्मीबाई शाळेत गेल्या नव्हत्या. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, पतीकडून. १८९५ मध्ये टिळकांनी मुंबईत ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि संसार दुभंगला. काही वर्षे ही दोघे वेगळी राहिली. पुढे लहानग्या मुलाला घेऊन त्या पतीकडे परतल्या, तेव्हाही त्यांनी आपले सोवळे सोडले नव्हते. एकाच घरात त्यांची चूल आणि पाणी निराळे असे. १९०० मध्ये त्यांनी स्वतः ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

सोवळ्याचे वर्णन ऐकताना सासूबाई मनापासून हसल्या. “आमच्या आजीचे असेच होते गं,” म्हणाल्या. हसण्याला कारणही आहे. लक्ष्मीबाई स्वतःचे दुःखही असे सांगतात की वाचणाऱ्याला आधी हसू येते आणि मग डोळे भरतात. कोणावर ठपका नाही, स्वतःची थोरवी नाही. दारिद्र्य, भांडणे, ताटातूट, प्लेगची साथ, सारे काही ओसरीवर बसून सांगावे तसे.

या पुस्तकात गृहिणीला शिकण्यासारखी एक विलक्षण काटकसर आहे. टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे. कोणी अडलेला दिसला की खिसा मोकळा होई. घरात पाहुणे, विद्यार्थी, दुष्काळात पोरकी झालेली मुले. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनानंतर ‘बालकवी’ म्हणून प्रसिद्धी पावलेले त्र्यंबक बापूजी ठोमरे हेही अहमदनगरला या घरात राहिले आणि लक्ष्मीबाईंच्या मायेत वाढले. इतक्या माणसांचे जेवण तुटपुंज्या मिळकतीत रांधायचे, म्हणजे प्रत्येक मुठीचा हिशेब ठेवायला हवा. तो हिशेब लक्ष्मीबाईंनी ठेवला. पण पानावर आणखी एक माणूस बसता यावा, यासाठी.

हे वाचून झाल्यावर सासूबाईंनी पुस्तक बंद करायला सांगितले आणि बराच वेळ त्या बोलल्या नाहीत. त्या स्वतः काटकसरीच्या बाबतीत कोणाला हार जाणाऱ्या नाहीत. दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून, साठवून विकतात. जीर्ण साड्यांची वाकळ शिवतात. पाणी गाळण्याचे दुपदरी कापडही घरच्याच सुती धोतराचे. मग म्हणाल्या, “आपण वाचवतो खरे. वाचवलेले जाते कुठे, ते मात्र कधी पाहिले नाही.”

आपल्या अणुव्रतांत परिग्रहपरिमाण आहे, गुणव्रतांत अनर्थदंडविरती आहे. विनाकारण काही वापरू नये, विनाकारण साठवू नये. परंतु त्याच श्रावकाचारात आहार, औषध, शास्त्र आणि अभय ही चार दानेही सांगितली आहेत. संग्रहाला मर्यादा घातल्यावर जे उरते, त्याची वाट या दानांकडे जाते. ती वाट बंद असेल तर काटकसर आणि कंजूषपणा यांत फरक करणे कठीण होते.

आम्ही त्या आठवड्यात काचेची एक जुनी बरणी काढली आणि रद्दी, पिशव्या, रिकाम्या बाटल्या यांचे पैसे तीत टाकायचे ठरवले. आमच्या शेजारच्या तळेगाव दाभाड्याला अशा छोट्या पैशाचा थोर इतिहास आहे. अंताजी दामोदर काळे यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या पैसा फंडासाठी माणशी एकेक पैसा गोळा करण्यात आला आणि त्यातून १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना सुरू झाला. आमच्या बरणीतून कारखाना उभा राहणार नव्हता. मावशींच्या नववीतल्या मुलीची पुस्तके मात्र आली. तेही शास्त्रदानच, असे सासूबाईंचे मत पडले.

पुढे वाचनात तो प्रसंग आला. जात माणसांनी केली, देवाने नव्हे, हा विचार लक्ष्मीबाईंच्या मनात एकाएकी उजळला आणि कोणाच्याही हातचे खाण्या-पिण्याचा त्यांनी निश्चय केला, असे त्या सांगतात. धर्मांतराच्या आधीचे हे परिवर्तन आहे. मी वाचत होते आणि आम्हा दोघींचीही नजर खिडकीकडे गेली, असे मला वाटले. सासूबाई इतकेच म्हणाल्या, “पुरे आज.”

त्या रात्री मला झोप लागली नाही. आपल्या स्वयंपाकघरात नियम पुष्कळ आहेत. पाणी गाळून घ्यायचे, कंदमूळ वर्ज्य, रात्रीचे भोजन वर्ज्य. हे नियम मी आनंदाने पाळते, कारण त्या प्रत्येकामागे एखाद्या जिवाची काळजी आहे. गाळलेल्या पाण्यातले सूक्ष्म जीवही मरू नयेत म्हणून कापडावरचे पाणी पुन्हा विहिरीत सोडणारी आपली परंपरा. वेगळ्या पेल्याने मात्र कोणत्या जिवाचे रक्षण होत होते? एका नियमाच्या आडोशाने दुसराच एक नियम आमच्या घरात शिरला होता आणि दोन्ही एकाच पावित्र्याच्या नावाने वावरत होते.

मी सासूबाईंना काही बोलले नाही. दोन दिवसांनी मावशी आल्या, तेव्हा चहा सासूबाईंनी स्वतः ओतला. आम्ही पितो त्याच कपांत, तीन कप, एका ताटलीत. मावशी म्हणाल्या, “माझा पेला कुठे गेला?” सासूबाईंनी उत्तर दिले, “त्यात आता तुळस लावली आहे.” मावशींनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिले आणि कप उचलला. आजवर का नाही, असे त्यांनी विचारले असते तर आमच्याकडे उत्तर नव्हते. त्यांनी विचारले नाही, हा त्यांचा मोठेपणा.

‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झाले आणि १९३६ च्या फेब्रुवारीत लक्ष्मीबाई गेल्या. टिळकांच्या हातून अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्यही त्यांनीच पुढे नेले. ज्ञानाची अशी तळमळ आपल्याही समाजात त्याच काळात जागी होत होती. सोलापूरच्या हिराचंद नेमचंद दोशींनी ‘जैन बोधक’ सुरू केले. शेठ माणिकचंद हिराचंदांची कन्या मगनबाई ऐन तारुण्यात विधवा झाली, शिकली आणि तिने मुंबईत श्राविकाश्रम उभारला. दोन वेगळ्या धर्मांच्या घरांत, एकाच भाषेच्या प्रदेशात, स्त्रिया पाटी हातात घेत होत्या.

भगिनींनो, घरात वाचनाचा असा परिपाठ ठेवायला फार खर्च लागत नाही. पुण्यात मंगळवार पेठेत रविवारी आणि बुधवारी जुना बाजार भरतो. तिथे पितळेच्या डब्याशेजारी एखादे दुर्मीळ पुस्तकही सापडते. अप्पा बळवंत चौकात हवे ते मराठी पुस्तक मिळते. गावचे सार्वजनिक ग्रंथालय तर हाताशीच असते. सुट्टीत मुलांना पाचगणीजवळच्या भिलारला न्यावे. २०१७ पासून हे पुस्तकांचे गाव झाले आहे. तिथल्या घराघरांत बसून विनामूल्य वाचता येते.

मोठ्याने वाचायला ‘श्यामची आई’सारखे दुसरे पुस्तक नाही. साने गुरुजींनी १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात ते अवघ्या पाच दिवसांत लिहिले. त्याची प्रकरणे ‘रात्रीं’मध्ये विभागलेली असल्याने रोज एक रात्र, असा क्रम सहज लागतो. स्वयंपाकासाठी कमलाबाई ओगल्यांचे ‘रुचिरा’ घ्यावे. १९७० मधले हे पुस्तक वाटी-चमच्याच्या मापाने शिकवते, त्यामुळे जिन्नस वाया जात नाही. बटाट्याच्या जागी कच्चे केळे घ्यावे, कांदा-लसूण वगळून हिंग वाढवावा. बहुतेक पाककृती आपल्या चुलीवर नीट उतरतात. आणि ‘स्मृतिचित्रे’ प्रौढांनी आधी वाचून मग मुलांना सांगावे.

यंदाच्या श्रुतपंचमीला पुन्हा वेष्टने बदलली. सासूबाईंनी आपल्या एका जुन्या इरकली साडीचा पदर बाजूला काढून ठेवला होता. त्याचा एक तुकडा मला देत म्हणाल्या, “हे त्या बाईंच्या पुस्तकाला घाल.”

आज ते पुस्तक आमच्या कपाटात आहे. शास्त्रांच्या कप्प्यात नाही, त्याच्या खालच्या कप्प्यात. सासूबाईंची मर्यादा तेवढी शाबूत आहे आणि मलाही ती मान्य आहे. खिडकीत तुळस चांगली फुटली आहे.