सणाचा बाजार आणि मागावरचे महिने

छत्रपती संभाजीनगर आणि त्याच्या परिसरात सण आणि बाजार यांची सांगड फार जुनी आहे. मोगलांच्या सेवेतील बिकानेरचे राजे करणसिंह यांच्या नावावरून ओळखल्या जाणाऱ्या कर्णपुऱ्यात नवरात्रात तुळजाभवानीची यात्रा भरते, फाल्गुन वद्य षष्ठीला पैठणला नाथषष्ठीसाठी दिंड्या येतात, खुलताबादला सुफी संतांच्या दर्ग्यांचे उरूस होतात. आणि या प्रत्येक ठिकाणी देवदर्शनाइतकीच खरेदी ही माणसांच्या येण्याची एक स्वाभाविक बाजू असते. युरोपातील नाताळच्या बाजारांची परंपरा सांगताना जर्मनीतील ड्रेस्डेन शहराच्या 1434 सालच्या बाजाराचा दाखला दिला जातो, परंतु सणाच्या निमित्ताने कारागिराने आपला माल घेऊन गिऱ्हाइकासमोर बसावे ही रीत मराठवाड्याला कोणाकडून शिकावी लागलेली नाही. अलीकडच्या काळात बदलले ते एवढेच की यात्रेतील पालाच्या जोडीला दिवाळीपूर्वी भरणारी प्रदर्शने आली आणि त्यांत बचत गट, हातमागाचे विणकर, चित्रकार व मातीकाम करणारे एका मांडवाखाली बसू लागले.

बचत गट म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम साठवून त्यातूनच एकमेकींना कर्ज देणाऱ्या, बहुधा दहा ते वीस महिलांचा समूह. 1975 साली स्थापन झालेल्या महिला आर्थिक विकास महामंडळाने आणि 2011 नंतर ‘उमेद’ या नावाने परिचित असलेल्या राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियानाने अशा गटांना बँकेशी व बाजाराशी जोडण्याचे काम केले. त्यांच्या टेबलांवर दिवाळीचा फराळ, उटणे, पणत्या आणि आकाशकंदील तर असतातच, पण येसर, ज्वारीचे पापड, शेवया, कुरडया आणि जुन्या लुगड्यांची हाताने शिवलेली वाकळ हे मराठवाड्याच्या घरांतले खास जिन्नसही असतात. या मालाला भांडवल थोडे लागते आणि आठ-पंधरा दिवसांत तो तयार होतो. त्यामुळे सणाचा बाजार त्याला सहज मानवतो. विणकराचे गणित मात्र अगदी वेगळे आहे आणि तेच समजून घेण्याची खरी गरज आहे.

मलिक अंबराने 1610 मध्ये खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, वसवली आणि पुढे मोगलकाळात हे शहर दख्खनच्या कारभाराचे केंद्र झाले, तेव्हा दरबारी वस्त्रांची मागणी येथील मागांवर येऊन पडली. हिमरू विणण्याची कला मात्र त्याहून आधीची, महंमद तुघलकाने 1327 च्या सुमारास राजधानी दौलताबादला हलवली त्या वेळी आलेल्या विणकरांची, असे परंपरा सांगते. रेशीम व जर यांनी विणलेले किनखाब हे श्रीमंतांचे वस्त्र होते; हिमरूत ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, सुती ठेवून नक्षीपुरते आडवे धागे रेशमाचे घेतले जात आणि तशी झळाळी कमी खर्चात साधली जाई. नक्षीचे हे जादा धागे पुढून दिसत नाहीत तेथे कापडाच्या मागे सैल तरंगत राहतात, त्यांचा जणू दुसरा थर तयार होतो आणि शाल मऊ व उबदार होते.

पैठणीत याच्या नेमके उलट घडते. तिच्या काठा-पदरावरील मोर, पोपट, बांगडी-मोर किंवा असावली प्रत्येक रंगाच्या स्वतंत्र कांडीने, धागे एकमेकांत अडकवून विणली जाते, त्यामुळे पदर उलटा केला तरी नक्षी तशीच दिसते. पैठणीच्या नावाने विकल्या जाणाऱ्या यंत्रमागावरील साडीत मागील बाजूला लांबलांब सुटे धागे असतात किंवा ते कापलेले आढळतात. म्हणजे मागचे सुटे धागे हिमरूत रीतीला धरून असतात, पैठणीत मात्र ते शंकेचे कारण ठरतात. आणि ही गोष्ट दुकानाच्या काचेआडून कळत नाही, विणणाऱ्याने कापड हातात देऊन, उलटे करून दाखवावे लागते. पैठणीला 2010 मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे विशिष्ट प्रदेशाशी बांधलेल्या मालाच्या नावाला कायद्याचे संरक्षण मिळाले, आणि हातमागाच्या कापडासाठी 2006 पासून ‘हँडलूम मार्क’ हे चिन्हही आहे. ही दोन्ही साधने मोलाची आहेत, तथापि ग्राहकाला फरक पटवून देण्याचे काम मागाशेजारी जितके लवकर होते तितके चिठ्ठीने होत नाही. म्हणून प्रदर्शनात निदान एक चालता माग असावा आणि त्याचे भाडे विणकराकडून घेऊ नये, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

कागजीपुऱ्याच्या हातकागदालाही हेच लागू पडते. दौलताबादजवळच्या या गावात चिंध्यांचा लगदा करून, तो जाळीच्या साच्यावर उचलून कागद बनवण्याची परंपरा तुघलकाच्या काळाशी जोडली जाते; साचा पाण्यातून वर येताना पाहिलेला माणूस त्या कागदाची किंमत महाग म्हणत नाही.

विणकराची अडचण दिवाळीच्या कितीतरी आधी सुरू होते. साध्या काठाच्या पैठणीला काही आठवडे लागतात, भरगच्च पदराच्या साडीला अनेक महिने. रेशीम बहुधा बंगळूरहून आणि जर सुरतेहून आणायची, त्यांचे पैसे आधी मोजायचे आणि विक्री आश्विनात. मधले महिने विणकर व्यापाऱ्याच्या उचलीवर, म्हणजे मालाच्या बदल्यात आगाऊ घेतलेल्या पैशावर काढतो आणि साडी तयार होते तेव्हा ती बहुतेक वेळा त्या व्यापाऱ्याचीच झालेली असते. मग मेळाव्यात मांडायला त्याच्याजवळ उरते काय? दिल्लीत 1994 मध्ये सुरू झालेल्या दिल्ली हाटमध्ये कारागिरांना पाळीपाळीने गाळे देण्याची पद्धत आहे आणि संभाजीनगरातही कारागिरांच्या प्रदर्शन-विक्रीसाठी कलाग्राम उभे आहे. परंतु गाळा हा या व्यवहाराचा शेवटचा टप्पा असतो. मेळाव्याची तारीख आणि गाळ्यांची नावे आखाडातच जाहीर झाली, आणि त्या यादीच्या आधारावर बँकेने किंवा सहकारी संस्थेने रेशमापुरते कर्ज दिले, तर दिवाळीला मागावरून उतरणारी साडी विणकराची स्वतःची असेल.

शिवाय तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते आणि पैठणीची मोठी मागणी त्याच काळातली असते. दिवाळीच्या मांडवात भारी पैठणी लगेच विकली गेली नाही तरी रंग, काठ आणि पदराची नक्षी ठरवून, काही रक्कम आगाऊ देऊन नोंदवलेली मागणी विणकराला व्यापाऱ्याच्या उचलीपेक्षा अधिक उपयोगी पडते, कारण ते पैसे थेट नेसणाऱ्या घरातून येतात आणि साडीची किंमतही दोघांनी समोरासमोर ठरवलेली असते.