ठरावानंतर काय?

अमेरिकेतल्या राज्यांच्या विधिमंडळांची इतिवृत्ते चाळली की एकाच साच्यातले ठराव पुन्हा पुन्हा भेटतात. कर्तव्य बजावताना मारला गेलेला पोलीस अधिकारी किंवा माजी सैनिकांच्या संघटनेची शंभरी गाठलेली एखादी शाखा, यांच्या सन्मानाचे हे ठराव. आरंभी ‘ज्या अर्थी’ची रांग असते: ज्या अर्थी हा अधिकारी अमुक गावचा, ज्या अर्थी त्याने इतकी वर्षे सेवा केली, ज्या अर्थी त्याच्यामागे पत्नी आणि मुले आहेत. शेवटी ‘त्या अर्थी’ हे सभागृह त्याच्या स्मृतीस अभिवादन करते आणि ठरावाची सुबक प्रत कुटुंबाकडे पाठवण्यास सांगते. अशा ठरावाने एक डॉलरही मंजूर होत नाही, कुणावर बंधनही येत नाही. विरोध सहसा होत नाही, कारण सदस्याला त्यात गमावण्यासारखे काही नसते. आपल्याकडच्या शोकप्रस्तावाची ही जवळची भावंडे. म्हणूनच त्यांना शब्दांची आतषबाजी म्हणून सोडून देण्याचा मोह होतो. पण अशा ठरावांचा इतिहास पाहिला तर वेगळा निष्कर्ष निघतो. सन्मानाचा ठराव ही सभागृहाने लिहून दिलेली कबुली असते, आणि ती पुढे करून हक्क मागणारे कुणी मागे उभे राहिले तरच तिला मोल येते.

पहिला आक्षेप वेळेच्या उधळपट्टीचा. तो खोटा नाही. अमुक दिवस, तमुक सप्ताह जाहीर करणाऱ्या विधेयकांचा इतका सुळसुळाट झाला होता, की १९९५ मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाने अशी विधेयके मांडण्यावर नियमानेच बंदी घातली. मात्र १५ मे हा हुतात्मा पोलिसांचा स्मृतिदिन आणि तो ज्यात येतो तो पोलीस सप्ताह, ही दोन्ही त्याच साच्यातली निर्मिती. काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, तशा संयुक्त ठरावावर अध्यक्ष केनेडी यांनी १९६२ मध्ये सही केली. १९८२ मध्ये या निमित्ताने राजधानी वॉशिंग्टनमध्ये पहिली राष्ट्रीय स्मृतिसभा भरली आणि देशाच्या कानाकोपऱ्यांत एकेकट्याने दुःख सोसणारी कुटुंबे दर मे महिन्यात एकमेकांना भेटू लागली. या भेटींतूनच १९८४ मध्ये ‘कन्सर्न्स ऑफ पोलीस सर्व्हायव्हर्स’ ही मृत पोलिसांच्या कुटुंबीयांची संघटना जन्मली. राष्ट्रीय पोलीस स्मारकाला काँग्रेसने त्याच वर्षी मान्यता दिली. १९९१ मध्ये लोकार्पण झालेल्या या स्मारकाच्या भिंतींवर आज २४ हजारांहून अधिक नावे कोरलेली आहेत. ठरावाने दिली ती फक्त एक तारीख. तिचे काय करायचे ते कुटुंबांनी ठरवले.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा: कुटुंबाला प्रत नको, पैसा हवा. याची जाणीव काँग्रेसला होती. १९७६ च्या कायद्याने कर्तव्यावर मृत्यू आलेल्या पोलीस व अग्निशमन कर्मचाऱ्यांच्या वारसांना ५० हजार डॉलर मिळू लागले. आज ही रक्कम ४ लाख डॉलरच्या पुढे गेली आहे. पण हा कायदा आत्महत्येला कर्तव्यावरील मृत्यू मानत नव्हता. ६ जानेवारी २०२१ रोजी जमावाने संसद भवनावर हल्ला केला. त्यानंतरच्या काही दिवसांत तिथे लढलेल्या दोन अधिकाऱ्यांनी जीवन संपवले. त्या वर्षी ऑगस्टमध्ये पोलिसांना काँग्रेसचे सुवर्णपदक देणाऱ्या कायद्यात या दोघांची नावे घातली गेली. पुढच्या ऑगस्टमध्ये कायदा बदलला आणि कर्तव्यातील आघातामुळे झालेल्या आत्महत्येलाही भरपाईचे दार उघडले. पदकामुळेच हे घडले असे म्हणता येणार नाही. या अधिकाऱ्यांच्या विधवांनी त्यासाठी लढा दिला. पण ज्यांना आपण बलिदान करणारे म्हटले, त्यांच्याच वारसांना नियमावर बोट ठेवून परत पाठवणे काँग्रेसला अवघड होते.

माजी सैनिकांच्या बाबतीत याच कबुलीने संघटनांना वजन दिले. ‘अमेरिकन लीजन’ला काँग्रेसने १९१९ मध्ये सनद दिली. अशी सनद म्हणजे मुख्यतः मान. सरकारी तिजोरी तिने उघडत नाही. लीजनने मात्र त्या मानाचा पुरेपूर वापर केला. दुसऱ्या महायुद्धातून परतणाऱ्यांसाठीच्या ‘जीआय बिल’चा मसुदा लीजनचे माजी राष्ट्रीय अध्यक्ष हॅरी कोलमेरी यांनी वॉशिंग्टनच्या मेफ्लॉवर हॉटेलात, हॉटेलच्याच कागदांवर हाताने लिहिला. जून १९४४ मध्ये त्याचा कायदा झाला आणि सुमारे ७८ लाख माजी सैनिकांनी त्यातून शिक्षण वा प्रशिक्षण घेतले.

उलट बाजूही तितकीच बोलकी आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी झेंड्याखाली अडीच लाखांहून अधिक फिलिपिनो सैनिक लढले. फेब्रुवारी १९४६ मध्ये काँग्रेसने त्यांची सेवा बहुतेक लाभांसाठी अमेरिकी लष्करातील सेवा धरली जाणार नाही, असा कायदा केला. एकरकमी भरपाई आली २००९ मध्ये: अमेरिकी नागरिकांना १५ हजार डॉलर, इतरांना ९ हजार. सुवर्णपदकाचा कायदा २०१६ मध्ये झाला. तोवर बहुतेक मानकरी हयात नव्हते. अमेरिकेत मताचे बळ नसलेल्यांच्या वाट्याला हक्क उशिरा आणि अपुरा आला, आणि मान त्याहूनही उशिरा.

राहिला पक्षीय राजकारणाचा आक्षेप. संसद भवनाचे रक्षण करणाऱ्यांना पदक देण्याचा प्रश्नही प्रतिनिधिगृहात एकमताने सुटला नाही. मते पडली ४०६ विरुद्ध २१. त्याच पोलिसांच्या गौरवाची पाटी भवनाच्या पश्चिम बाजूला वर्षभरात लावावी, असे मार्च २०२२ च्या कायद्याने बजावले होते. मुदत उलटली तेव्हा पाटी लागलेली नव्हती. म्हणजे राजकारण सन्मानातही शिरते, हे खरे. पण त्यावरचा उपाय सन्मान थांबवणे हा नव्हे. उलट, नोंदवलेले मत आणि ठरलेली मुदत असल्यामुळेच कोण शब्दाला जागले आणि कोण नाही, हे नागरिकाला दाखवता येते. तेव्हा सन्मानाच्या ठरावाला खुशाल टाळी द्यावी. मात्र त्याच कुटुंबांची मागणी विधेयक होऊन आली तेव्हा त्याच सदस्यांनी कसे मत दिले, हे पाहिल्याशिवाय कृतज्ञतेचे श्रेय कुणालाही देऊ नये.