नखावर अठ्ठावीस टन

कुकरची शिट्टी होते तेव्हा आतला दाब बाहेरच्या हवेच्या साधारण दुप्पट असतो. तेवढ्यावर डाळ शिजते. इटलीतल्या आल्प्समध्ये, दोरा-माइरा भागातल्या गार्नेटच्या पोटात जे कण सापडले, त्यांनी सोसलेला दाब हवेच्या सुमारे २८,००० पट होता. चौदा हजार कुकर डोळ्यांसमोर येत नसतील तर अंगठ्याचं नख बघा. साधारण एक चौरस सेंटिमीटर. त्यावर २८ टन, म्हणजे मालाने भरलेला दहाचाकी ट्रक, उभा करा. समुद्रातली सर्वांत खोल जागा म्हणजे मारियाना गर्ता. तिच्या तळाशीही नखावर जेमतेम अकराशे किलो येतात.

गार्नेट तसं आपल्या ओळखीचं. अंगठीतला गोमेद हा त्याचाच एक प्रकार, आणि सुताराच्या काही पॉलिश पेपरवरही त्याचीच भुकटी असते. दोरा-माइरातले गार्नेट मात्र फिकट गुलाबी, आणि काही तर सोललेल्या नारळाहून मोठे. १९८४ मध्ये फ्रेंच भूवैज्ञानिक क्रिस्तियाँ शोपाँ यांनी त्यांतली गंमत जगापुढे मांडली. अशा दगडाचा ०.०३ मिलिमीटर जाडीचा काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा. आडव्या-उभ्या ध्रुवकांमधून, म्हणजे प्रकाशाचं एकाच दिशेचं कंपन जाऊ देणाऱ्या चकत्यांमधून, पाहिलं की गार्नेट काळंठिक्कर पडतं. त्या काळोखात मिलिमीटरहूनही लहान, करड्या उजेडाचा एक कण दिसतो. त्याच्याभोवती गारगोटीची झालर, आणि झालरीपासून चहूकडे धावणाऱ्या भेगा, खडा लागलेल्या काचेसारख्या. मधला कण कोएसाइटचा.

कोएसाइट आणि गारगोटी यांचा माल एकच, सिलिकॉन आणि ऑक्सिजन. कोएसाइटमध्ये अणू फक्त जास्त दाटीवाटीने बसलेले. गारगोटीची घनता २.६५, याची २.९२. १९५३ मध्ये लोरिंग कोस यांनी तो प्रयोगशाळेत बनवला. ते नोकरीला होते नॉर्टन कंपनीत, म्हणजे पुन्हा घासकामाच्याच धंद्यात. १९६० मध्ये तो निसर्गात सापडला, अ‍ॅरिझोनातल्या उल्काविवरात. उल्का आदळली, क्षणभर दाब चढला, हे पटण्यासारखं होतं. पण आल्प्समधल्या या खडकावर उल्का आदळल्याची एकही खूण नव्हती. मग एकच वाट उरते: हा खडक सुमारे १०० किलोमीटर खाली जाऊन परत आला. अकरा एव्हरेस्ट एकावर एक रचून उलटे खाली सोडा, तेवढं खोल.

गोची अशी की हा खडक खंडाच्या कवचाचा, म्हणजे हलका. असं कवच खालच्या जड प्रावरणावर तरंगतं, इतकं खोल बुडत नाही, असंच भूवैज्ञानिक तोवर धरून चालले होते. १९८४ मध्येच नॉर्वेतूनही कोएसाइट निघाला, आणि ती समजूत दोन्ही बाजूंनी ढासळली.

मला खाली जाण्यापेक्षा वर येण्याचं नवल जास्त वाटतं. दाब उतरला की कोएसाइटला पुन्हा गारगोटी व्हायचं असतं, आणि त्यासाठी दहा टक्के जास्त जागा लागते. गार्नेट ताठ; ते जागा देत नाही. कुकरचं झाकणच ते. शेवटी कडेची गारगोटी फुगते, झाकण तडकतं, पण गाभा तोवर वाचलेला असतो. दोरा-माइराचा खडक साडेतीन कोटी वर्षांपूर्वी तळाशी होता, आणि तीस-पस्तीस लाख वर्षांत जवळजवळ सगळी चढण चढून आला. वर्षाला तीनेक सेंटिमीटर. मघाशी ज्यावर ट्रक उभा केला ते नख याच चालीने वाढतं.

कझाकस्तानातल्या कोकचेताव भागातले गार्नेट याहून खोल गेलेले. त्यांच्या पोटात १९९० मध्ये चक्क हिरे सापडले, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे. अंगठीला निरुपयोगी, पण १२० किलोमीटर खोलीचा दाखला.

आणि लडाख. २००१ मध्ये डेहराडूनच्या वाडिया संस्थेतल्या संशोधकांनी त्सो मोरिरी सरोवराजवळच्या खडकांतून कोएसाइट नोंदवला. सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी भारताची उत्तर कड आशियाखाली घुसली, ९० किलोमीटरहून खोल गेली आणि परतली. आज तो खडक समुद्रसपाटीपासून साडेचार हजार मीटरांवर आहे. तिथे हवाच इतकी विरळ की कुकरशिवाय डाळ शिजत नाही.