फोटोत आम्ही, बोलण्यात कोण?

गेल्या पावसाळ्यात अक्राणी तालुक्यातल्या एका पाड्यावर मक्याच्या लष्करी अळीबद्दल सभा घेतली. तासभर मी मराठीत बोललो. पोंग्यात अळी कशी ओळखावी, कामगंध सापळे कसे लावावेत, फवारणी कधी करावी, सगळे सांगितले. लोकांनी माना डोलावल्या. शेवटी फोटो काढला आणि अहवालात लिहून टाकले, 'शेतकऱ्यांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला.' फोटो पेपरातही आला.

पुढच्या खेपेला एका म्हाताऱ्या बाबांनी तोच पेपर माझ्यापुढे धरला. ते पावरीत बोलले, शाळेतल्या पोराने मराठीत सांगितले. "साहेब, बाबा विचारतो, फोटोत आमी दिसतो, पण आमी काय बोललो ते कुठं लिहिलं?"

मी गप्प झालो. त्या दिवशी कोणी बोललेच नव्हते, कारण मी कोणाला विचारलेच नव्हते. मग पोराला मध्ये घालून विचारले, तेव्हा कळले की त्यांची पहिली अडचण अळी नव्हतीच. ती होती आमचूर. उन्हाळ्यात कैऱ्या सोलायच्या, फोडी करून वाळत घालायच्या आणि अवकाळी पाऊस आला की सगळा माल काळा पडायचा. मग व्यापारी म्हणेल तो भाव. लोकांना हवी होती ताडपत्री आणि वाळवायला ओटा. माझ्या कार्यक्रमपत्रिकेत आमचूर हा शब्दही नव्हता.

टेंभली: गाव दिसले, ऐकू आले का?

एका पाड्यावर जे झाले, तेच देशाच्या पातळीवरही होते. २०११ च्या जनगणनेप्रमाणे आपल्या जिल्ह्यात शंभरातली सुमारे ६९ माणसे आदिवासी आहेत. लोकसभेची जागा राखीव आहे, मतदानही होते. पण पाच वर्षांतून एकदा बटण दाबले म्हणजे देशाच्या चर्चेत भाग घेतला, असे होत नाही.

२९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्या जिल्ह्यातल्या टेंभली गावात पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी आले. देशातला पहिला आधार क्रमांक इथल्या एका महिलेला मिळाला. कॅमेरे आले, गाव देशभर दिसले. नंतर काही वर्षे आधारवरून मोठा वाद चालला. २६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. या वादात दिसले ते मुख्यतः वकील, अधिकारी आणि शहरातले जाणकार. यंत्रावर अंगठा उमटला नाही, रेंज गेली, की रेशनसाठी पुन्हा डोंगर उतरावा लागतो, हे ज्याला कळते तो माणूस चर्चेत क्वचितच होता. पत्रकार टेंभलीला परत येत, ते 'पहिल्या आधार गावाचे आज काय' एवढे विचारायला. बातमी गावावर झाली, गावाने केली नाही.

शहादा भागातले भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांची 'स्टेज' ही कविता याच दुखण्यावर आहे.

मणिबेलीने काय केले?

उलट उदाहरणही आपल्याच जिल्ह्यात आहे. सरदार सरोवर धरणाने महाराष्ट्रातली ३३ गावे बाधित झाली, ती सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. त्यांतले नर्मदाकाठचे मणिबेली बुडिताच्या तोंडाशी पहिले. पण तिथली माणसे गप्प बसली नाहीत. सभा, सत्याग्रह, मोर्चे यांत ती स्वतः उभी राहिली. जागतिक बँकेने १९९१ मध्ये नेमलेल्या मोर्स समितीने १९९२ च्या अहवालात पुनर्वसनातल्या चुका दाखवल्या. १९९३ मध्ये बँकेचे कर्ज बंद झाले. १९९४ मध्ये जगभरच्या संघटनांनी मोठ्या धरणांना बँकेने पैसा देऊ नये म्हणून जाहीरनामा काढला, त्याला नाव दिले 'मणिबेली जाहीरनामा'.

धरण थांबले नाही, गावे बुडाली, हे खरेच. धरणाच्या बाजूने आणि विरोधात मते आहेत, त्यात मी पडत नाही. पण पुनर्वसन हा देशाचा प्रश्न झाला, तो या माणसांनी स्वतः तोंड उघडले म्हणून.

आपल्या हातात काय आहे?

प्रत्येक गावाला दिल्ली गाठायची गरज नाही. सुरुवात ग्रामसभेपासून होते. २४ डिसेंबर १९९६ ला पेसा कायदा आला, राज्याचे नियम २०१४ मध्ये झाले. आपल्या जिल्ह्याचा बराचसा भाग त्यात येतो. अशा भागात प्रकल्पासाठी जमीन घेण्याआधी सल्लामसलत करावी लागते. वनदाव्याची सुरुवातही २००६ च्या कायद्याने ग्रामसभेतूनच होते. आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधी पेसा ग्रामपंचायतींना थेट देण्याचा निर्णय २०१५ मध्ये झाला. तो कशावर खर्चायचा, ते ग्रामसभेने ठरवायचे.

म्हणून ग्रामसेवक भाऊसाहेब, सरपंच आणि माझ्यासारख्या कर्मचाऱ्यांसाठी चार साध्या गोष्टी:

१) सभा पावरी, मावची, भिलोरी, जी बोली चालते तीत होऊ द्या. मराठी नंतर लिहा.

२) ठराव लिहून झाला की त्याच बोलीत वाचून दाखवा, सह्या आणि अंगठे मग घ्या.

३) ग्रामसभेआधीची महिलांची सभा कायद्याने सक्तीची आहे. ती कागदावर उरकू नका. आमचूर आणि मोहाचा हिशेब बायाच नीट सांगतात.

४) पत्रकार आला तर फोटोआधी विचारा, 'आमचे म्हणणे छापणार का?' ठरावाची नक्कल त्याच्या हातात द्या.

त्या पाड्याने ताडपत्री आणि ओट्याचा ठराव केला. दोन्ही अजून यायचे आहेत. पण मागणी आता गावाच्या नावाने कागदावर आहे, कोणा साहेबाच्या अहवालात नाही. आणि मी अहवालात 'उत्स्फूर्त प्रतिसाद' लिहिणे सोडले आहे. कोण काय बोलले, तेवढेच लिहितो.