हृदय शांत हवं, पोट बोलकं

कॅलिफोर्नियात १९५५ पासून टेव्हिस कप नावाची घोड्यांची दौड होते. सिएरा नेव्हाडाचे डोंगर ओलांडून ऑबर्न गावापर्यंत १०० मैल, मुदत २४ तास. वाटेतल्या नाक्यांवर पशुवैद्य स्टेथोस्कोप आधी छातीशी लावतात आणि मग चक्क पोटाला.

उभ्या घोड्याचं हृदय मिनिटाला तीस-चाळीस ठोके देतं, भरधाव पळताना दोनशेच्या पुढे जातं. शिवाय प्लीहेत राखून ठेवलेल्या तांबड्या पेशी ऐनवेळी रक्तात उतरतात आणि ते अक्षरशः दाट होतं. नाक्यावर ठोके साठीच्या घरात आल्याशिवाय घोडा पुढे सोडत नाहीत. तेवढ्यावरही भागत नाही. त्याला थोडं अंतर दुडक्या चालीनं नेऊन आणतात आणि निघाल्यापासून मिनिट भरताच ठोके पुन्हा मोजतात. आकडा चढलेला दिसला, की दमणूक उघडी पडते. ऐटीत मान उडवणाऱ्या घोड्याचीही!

पोट कशाला ऐकायचं? पळताना रक्त स्नायूंकडे आणि कातडीकडे वळतं, आतड्यांच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. गुडगुड मंदावते. ती थांबली तर पोटशूळ, आणि घोड्याला उलटी करता येत नाही. म्हणून जाणते स्वार वाटेत दोन घास गवत खाऊ देतात, भिजवलेला चारा पुढे करतात. मोठ्या आतड्यात शंभरेक लिटर ऐवज मावतो. त्यातला चोथा पाणी धरून ठेवतो आणि जंतू तो आंबवून घोड्याला इंधन पुरवतात. ही पाठीवरच्या नव्हे, पोटातल्या पखालीची करामत.

मला सगळ्यात थक्क करतो तो घाम. उन्हात तासाला दहा लिटरही जाईल, आणि तो आपल्या घामापेक्षा कितीतरी खारट. पाण्याबरोबर मीठही गेल्यानं उरलेलं रक्त खारट होत नाही, मग मेंदूला तहानेचा निरोप पोचणार कसा? कोरडा पडत चाललेला घोडा पाण्याकडे बघतही नाही. स्वार सुईविना पिचकारीनं तोंडात क्षार सोडतात, पण घोडा आधी पाणी प्यायला असेल तर बरं. नाहीतर तेच क्षार अंगातलं पाणी आतड्यात ओढतात.

घामातून कॅल्शियमही जातं. त्याची फार तूट पडली, की हृदयाला खेटून जाणारी श्वासपटलाची नस भलतीच हळवी होते आणि दर ठोक्याला घोड्याची कूस उचकी लागल्यासारखी उडते. त्या घोड्याची दौड तिथंच संपते.