लॅब्राडोर घरी आणण्यापूर्वी

व्यापारी घराण्यांत माल पारखल्यावाचून सौदा होत नाही. धान्य मुठीत घेऊन पाहिले जाते, कापडाचा पोत बोटांनी तपासला जातो. मात्र मुलाच्या हट्टापायी कुत्र्याचे पिल्लू घरी आणताना ही पारख बहुधा विसरली जाते. वास्तविक माल परत करता येतो. घरात आलेला जीव मात्र दहा-बारा वर्षांची जबाबदारी होऊन येतो.

आपल्याकडे सर्वाधिक मागणी असलेल्या जातींपैकी एक म्हणजे लॅब्राडोर. नाव लॅब्राडोर असले तरी या जातीचे मूळ कॅनडातील न्यूफाउंडलंड बेटावर आहे. तेथील कोळी लोकांचे हे पूर्वज कुत्रे थंडगार समुद्रात पोहत, दोर व जाळी ओढून आणत. एकोणिसाव्या शतकात ते इंग्लंडला नेण्यात आले आणि १९०३ मध्ये ब्रिटनच्या केनेल क्लबने या जातीला मान्यता दिली. हा इतिहास केवळ माहितीसाठी नाही. त्यात या प्राण्याच्या स्वभावाची किल्ली आहे.

दिवसभर कष्ट करण्यासाठी घडलेल्या या शरीराला रोज तास-दीड तास भरपूर व्यायाम हवा असतो. तो न मिळाल्यास चपला, उशा, वह्या यांची धडगत नसते. वस्तू तोंडात धरून आणणे हा त्याचा अपराध नव्हे, उपजत गुण आहे. पाण्यापासून रक्षण करणारा त्याचा दुहेरी केसांचा कोट आपल्या उन्हाळ्यात जड जातो. म्हणून त्याला पहाटे व सूर्यास्तानंतरच फिरवणे हिताचे. केस वर्षभर गळतात, हेही गृहिणीला आधीच ठाऊक असावे. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन साधारण ३० ते ३६ किलो भरते. आज ओंजळीत मावणारे पिल्लू वर्षभरात दिवाणखाना व्यापून टाकते.

पेढी वा गोदामाच्या राखणीसाठी लॅब्राडोर घेणाऱ्यांची बहुधा निराशा होते. तो मनमिळाऊ आहे; अनोळखी माणसाचेही तो शेपटी हलवून स्वागत करतो. मुले आणि वृद्ध असलेल्या एकत्र कुटुंबात मात्र हाच स्वभाव वरदान ठरतो.

आता आहाराविषयी. लॅब्राडोरची भूक प्रसिद्ध आहे आणि तिला शास्त्रीय कारण आहे. केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिले, की या जातीतील सुमारे एक चतुर्थांश कुत्र्यांत तृप्तीची जाणीव करून देणाऱ्या एका जनुकाचा काही भाग गळालेला असतो. अशा कुत्र्याने केविलवाणे पाहिले म्हणून घरातील प्रत्येकाने एकेक पोळी दिली, तर ते प्रेम सांध्यांवर भार होऊन बसते. या जातीत खुब्याच्या सांध्याचा विकार आढळतो. म्हणून पिल्लाच्या आई-वडिलांच्या सांध्यांची तपासणी झाली आहे काय, हे अवश्य विचारावे.

शाकाहारी घरांत पहिला प्रश्न असतो तो याला खायला काय द्यावे हा. मांजराप्रमाणे कुत्रा केवळ मांसावर अवलंबून नसतो. माणसाच्या सहवासात तो पिष्टमय अन्न पचवू लागला. तथापि दूध-पोळी म्हणजे पूर्ण आहार नव्हे. प्रथिने, कॅल्शियम, जीवनसत्त्व ब-१२ यांचा मेळ पशुवैद्याच्या सल्ल्यानेच बसवावा लागतो. वाढत्या पिल्लाबाबत तर हे अधिकच आवश्यक. या बाबतीत घरच्यांचे एकमत पिल्लू येण्यापूर्वीच झालेले बरे. नंतरच्या वादात उपाशी राहतो तो मुका जीव. घरात कांदा-लसूण नसेल तर एक धोका आपोआप टळतो, कारण दोन्ही कुत्र्याला विषारी आहेत. पण मनुका, बेदाणे, द्राक्षे आणि चॉकलेटही त्याला घातक असतात. सणासुदीला सुक्यामेव्याची ताटे उघडी राहतात, तेव्हा हे ध्यानी असावे.

२०१७ च्या नियमांनुसार कुत्र्यांची पैदास करून विक्री करणाऱ्याने राज्य प्राणिकल्याण मंडळाकडे नोंदणी करणे आणि आठ आठवड्यांहून लहान पिल्लू न विकणे बंधनकारक आहे. आईला पाहू न देणाऱ्या विक्रेत्याकडून पिल्लू घेऊ नये. अशा ठिकाणी मादीला वारंवार विण्यास लावले जात असण्याची शक्यता असते. आपला पैसा त्या यातनेला पोसणार नाही, ही खबरदारी ग्राहकाचीच आहे.

एवढा विचार करूनही लॅब्राडोर आपल्या घराला झेपणारा नाही असे वाटले, तर देशी कुत्र्याचा पर्याय आहे. तो आपल्या हवामानाला सरावलेला, काटक आणि सावध असतो. निवारागृहांतून असे कित्येक जीव घराची वाट पाहत असतात. १८३२ मध्ये मुंबईत मोकाट कुत्र्यांच्या हत्येविरुद्ध मोठा लोकक्षोभ उसळला होता आणि त्यानंतर दोन वर्षांनी जमशेटजी जीजीभाई व शेठ मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरपोळ उभी राहिली. रस्त्यावरच्या जिवाला आसरा देण्याची परंपरा व्यापारी समाजाला नवी नाही.

निर्णयापूर्वी घरातील सर्वांनी एकत्र बसून तीन प्रश्नांची उत्तरे निश्चित करावीत. पहाटे त्याला फिरवायला कोण नेणार? यात्रेला वा लग्नकार्याला सारे घर बाहेरगावी गेले, तर त्याला कोण सांभाळणार? आणि आज आठ वर्षांचा असलेला मुलगा शिक्षणासाठी दूर जाईल, तेव्हा म्हाताऱ्या कुत्र्याच्या औषधपाण्याचे कोण पाहणार? प्रत्येक प्रश्नापुढे घरातील एका माणसाचे नाव लिहिता आले, तर पिल्लू खुशाल आणावे. एकही जागा रिकामी राहिली, तर तूर्त थांबणे हीच जीवदया.